कायद्यात पीएचडी करणाऱ्यांना कायद्याचं संशोधन शिकवा : विधी संशोधन केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
विधी शाखेच्या अभ्यास मंडळाचे सदस्य, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या पीएचडी संशोधन केंद्रांचे प्रमुख व गाईड

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करते, सकाळच्या बॅचला एका लॉ कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि कायद्यात पार्ट टाईम पीएचडी करतेय. वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे, त्यामुळे इकडे माझ्यासारखे बरेच जण आहेत, कोणी बेलापूरला वकिली करतं, कोणी कोकण भवनात नोकरीला आहे आणि ऑफिसची एनओसी घेऊन पीएचडीला लागलंय, कोणी फुल टाईम फेलोशिपवर आहे. आम्ही कोर्सवर्कला भेटतो, मग संशोधन सल्लागार समितीच्या म्हणजे आरएसीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये भेटतो, आणि दर वेळी बोलणं एकाच जागी येऊन थांबतं. म्हणून एकदाचं लिहायलाच बसले.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. अॅडमिशन दिल्यावर तुम्ही आम्हाला जे ट्रेनिंग देता ते कायद्याचं संशोधन करणाऱ्या माणसासाठी बनवलेलंच नाही. आणि ते बदलायला दिल्लीहून कसलाही जीआर यायची गरज नाही, तुमच्या पातळीवर होण्यासारखं आहे.

यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे पीएचडी रेग्युलेशन्स तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात रिसर्च मेथडॉलॉजी पाहिजे, रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स पाहिजे, दर सेमिस्टरला आरएसीपुढे उभं राहून काम दाखवायचं, आणि विषय कुठलाही असो, संशोधकाला शिकवण्याचं आणि लिहिण्याचं ट्रेनिंग द्यायचं. शब्द चांगले आहेत. पण त्या १२ क्रेडिटच्या आत नेमकं काय भरायचं याला भरपूर मोकळीक आहे, आणि ती मोकळीक आपण वापरतच नाही.

आमच्या वेळी काय झालं ते सांगते. मेथडॉलॉजीचे तास सगळ्या शाखांना एकत्र होते, कॉमर्स, सायन्स, एज्युकेशन आणि आम्ही. शिकवणारे सर मनापासून शिकवत होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण उदाहरण खताचं, दोन प्लॉटमधलं पीक मोजायचं, मग दोन सरासरींची तुलना करणारी टी-टेस्ट, मग एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं. मला आकडेशास्त्राची अॅलर्जी नाही, उलट ते नीट यायला हवं असं माझं ठाम मत आहे. फक्त तेच आकडे कायद्याच्या गोष्टींवर लावून दाखवा ना. नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिडवर ठाणे जिल्ह्याचे प्रलंबित खटले प्रकारानुसार, वर्षानुसार कोणालाही बघता येतात, फुकट. दिवाणी किती, फौजदारी किती, दहा वर्षांच्या वरचे किती, हे स्क्रीनवर उघडून बसलो असतो आणि या आकड्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही एवढं जरी एका दुपारी केलं असतं तरी आमच्यातल्या निम्म्यांची प्रश्नावली वेगळी झाली असती.

आता डॉक्ट्रिनल, म्हणजे कायदे आणि निकाल वाचून केलेलं संशोधन. एलएलएमला आम्ही सगळे डॉक्ट्रिनल आणि नॉन-डॉक्ट्रिनल यांच्या व्याख्या पाठ करून येतो, सिनॉप्सिसमध्ये तसं लिहितो, आरएसी मान डोलावते. पण निकाल निवडायचे कसे हे कोणी शिकवत नाही. माझा विषय नवी मुंबईच्या भूसंपादनातले वाढीव मोबदल्याचे आणि जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे वाद. डेटाबेसमध्ये शब्द टाकला की ढिगाने निकाल येतात, मग संशोधक काय करतो, वरचे पंचवीस-तीस वाचतो आणि थिसिसमध्ये लिहितो की न्यायालयांचा कल असा आहे. कल कसा कळला? कुठले शब्द टाकून शोधलं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठले निकाल बाजूला ठेवले आणि का ठेवले, प्रत्येक निकालातून कुठल्या गोष्टी टिपल्या, हे लिहून ठेवायचं असतं म्हणजे दुसरा कोणी तेच करून बघू शकेल, हे मला कोर्सवर्क संपल्यानंतर कितीतरी दिवसांनी एका दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीकडून कळलं. आणि रिपोर्ट झालेले निकाल म्हणजे अख्खे खटले नव्हेत. ज्याने तडजोड केली, ज्याच्याकडे अपिलाला पैसे नव्हते, ज्याचा वारसांच्या भांडणात दावाच अडकला, तो लॉ रिपोर्टमध्ये कधीच दिसत नाही. हे ज्या संशोधकाला माहीत नाही त्याचा निष्कर्ष चुकणारच, त्याने कितीही मेहनत घेतली तरी.

त्यासाठी कोर्टाची फाईल वाचता यायला लागते. मी वकील आहे म्हणून मला रोजनामा म्हणजे केसच्या प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद माहीत आहे, निशाणी म्हणजे कागदाचा नंबर, त्या एकपासून पुढे कागद कसे लागतात ते माहीत आहे. जी मुलगी एलएलएम करून सरळ पीएचडीला आली तिला निकालपत्राच्या पलीकडे फाईल असते हेच कोणी दाखवलेलं नसतं. जुन्या १८९४ च्या कायद्याच्या कलम १८ खालचे, मोबदला वाढवून मागण्याचे भूसंपादनाचे संदर्भ अर्ज घ्या, कोर्टात आम्ही त्याला एलएआर म्हणतो. निकालात एवढंच दिसतं की दर वाढवून दिला किंवा नाही. पण केस इतकी वर्षं का चालली ते रोजनाम्यात असतं, एका ओळीत, अर्जदार गैरहजर, सरकार पक्षातर्फे मुदत अर्ज, मंजूर. अशी पानंच्या पानं. त्या पानांवरून जे कळतं ते सुप्रीम कोर्टाच्या कुठल्याही निकालात मिळणार नाही. बरं, त्रयस्थ माणसाला नक्कल हवी असेल तर कारण सांगून अर्ज करावा लागतो, तो कसा लिहायचा, कोणापुढे ठेवायचा, केंद्राचं पत्र सोबत जोडायचं, हे सगळं एका शनिवारी शिकवण्यासारखं आहे आणि शिकवायला आपल्याकडे माणसं आहेत. कोर्टाच्या ऑफिसातून रिटायर झालेले शिरस्तेदार आहेत, वकील आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत. बोलावलं तर येतील.

तीच गोष्ट महसुली कागदांची. सातबारा, फेरफार, कमी-जास्त पत्रक, संपादनाची कलम ४ ची नोटीस, मोबदला ठरवणारा निवाडा, हे कागद एकमेकांना कसे जोडायचे हे शिकल्याशिवाय जमिनीच्या कायद्यावर थिसिस लिहिता येत नाही, आणि आपण बसलोय कुठे तर नवी मुंबईत! १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत उरणच्या शेतकरी आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं, आणि पुढे २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाल्यावर जुन्या संपादनांचं काय यावर इतके वाद झाले की २०२० मध्ये इंदूर डेव्हलपमेंट अथॉरिटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाला बसावं लागलं. भूसंपादन कायद्याचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा सांगा मला. आणि आमचं कोर्सवर्क एका बंद खोलीत पीपीटीवर होतं.

मुलाखतींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे माणसांचा संबंध येतो. घणसोलीच्या बाजूला एका आजोबांना भेटायला गेले होते. त्यांनी चहा दिला, सगळं सांगितलं, पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढून निवाड्याची झेरॉक्स माझ्यासमोर उलगडून ठेवली, घड्या पडून पडून मधली अक्षरं गेलेली. मग मी संमतीपत्र पुढे केलं. केंद्राने दिलेला नमुना होता, दोन पानं, इंग्रजीत, खाली सही किंवा अंगठा. आजोबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "बाय, सह्या करून करूनच जमीन गेली आमची." त्यानंतर ते बोलले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही.

आता बघा, तोंडी संमती घ्यायची पद्धत संशोधनात मान्य आहे, साक्षीदारासमोर घेता येते, रेकॉर्ड करून ठेवता येते, साध्या मराठीत चार वाक्यं सांगून माणसाला "नाही" म्हणायची मोकळीक देता येते. एथिक्सच्या कोर्समध्ये आम्हाला हे कोणी सांगितलं नाही कारण तो सगळा कोर्स पब्लिकेशनभोवतीच फिरला, बनावट जर्नल ओळखा, सेल्फ प्लॅगरिझम म्हणजे स्वतःचंच जुनं लिखाण परत वापरणं टाळा. ते पाहिजेच. पण ज्याच्या घरी जाऊन आपण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट विचारतो त्याच्याशी कसं वागायचं ते कधी शिकणार? त्यातून मी वकील, लोक लगेच विचारतात की मॅडम आमची केस परत उघडेल का. सल्ला द्यायचा की नाही? आणि एक फार गंभीर मुद्दा, साक्षीच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे, संशोधकाने घेतलेल्या मुलाखतीला तसं नाही. म्हणजे समोरच्याने मला काही सांगितलं आणि उद्या कोर्टाने माझ्या नोंदी मागितल्या तर? मी त्याला गुप्ततेचं वचन कुठवर देऊ शकते? कायद्याच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या सेमिस्टरला माहीत असायला हवं, इतर कुठल्याही शाखेपेक्षा आपल्याला जास्त.

प्लॅगरिझमच्या, म्हणजे मजकुराची चोरी सॉफ्टवेअरने तपासणाऱ्या, रिपोर्टबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१८ चे यूजीसीचे रेग्युलेशन्स आहेत, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, दहा ते चाळीसला सुधारून परत द्यायला सांगतात, चाळीस ते साठला वर्षभर थांबवतात, साठच्या वर रजिस्ट्रेशन रद्द. इतकं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच रेग्युलेशन्समध्ये असंही लिहिलंय की संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची आणि कायदे हे तपासणीतून वगळायचे. कायदे असा शब्द स्पष्ट आहे तिथे. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर कलमांचा मजकूर लाल करून टाकतं, कोणी ते वगळत नाही, टक्का वर जातो आणि संशोधकाला सांगितलं जातं की कलम तुझ्या शब्दांत लिही. सर, कलम आपल्या शब्दांत लिहायचं नसतं हो! कलमातला एक शब्द हलला की अर्थ हलतो आणि त्या एका शब्दावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं जातात, हे आपण एलएलबीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो आणि पीएचडीला नेमकं उलटं करायला लावतो. मी अशा थिसिसची प्रकरणं वाचली आहेत ज्यात न्यायाधीशांचं वाक्य अवतरण चिन्हांतून बाहेर काढून फिरवून लिहिलंय, फक्त टक्का खाली यावा म्हणून. त्या संशोधकाची चूक नाही, त्याला रिपोर्ट वाचायला आणि वगळायचं काय ते लेखी मागायला कोणी शिकवलंच नाही. लायब्ररीयन, गाईड आणि विद्यार्थी तिघं एका टेबलावर बसले तर हे एका तासाचं काम आहे.

मग नवे कायदे आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम. ५११ कलमांची दंड संहिता जाऊन ३५८ कलमांची आली. फौजदारी विषय घेतलेले जे संशोधक तेव्हा थिसिसच्या मध्यावर होते त्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. कोणी शेवटी एक तक्ता चिकटवला, जुनं कलम नवं कलम, कोणी अख्खा विषयच बदलायला निघालं. कायदा मध्येच बदलला तर संशोधनाचा प्रश्न कसा सांभाळायचा, कुठली तारीख धरून काम थांबवायचं, जुन्या निकालांचं वजन नव्या कलमाखाली किती उरतं, हे आपल्या विषयातलं रोजचं कौशल्य आहे. त्यावर एक कार्यशाळा सुद्धा झाली नाही आमच्याकडे.

एआयचंही तसंच. सगळे वापरतायत, चोरून वापरतायत, कारण विचारायला गेलं की ओरडा बसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हिआन्का केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने तयार केलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. थिसिसमध्ये असं झालं तर ते शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाईन संग्रहावर, कायमचं राहील. सायटेशन उघडून मूळ निकाल वाचायचा, कोर्टाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक म्हणजे न्यूट्रल सायटेशन जुळवायचं, ई-एससीआर या वेबसाईटवर सुप्रीम कोर्टाचे रिपोर्ट झालेले निकाल २०२३ पासून फुकट आहेत तिथून पडताळायचं, ही सवय लावून घ्यावी लागते. पैशाचे डेटाबेस सगळ्या केंद्रांना परवडत नाहीत हे मला कळतं. जर्नल्स एकत्रित वर्गणीने देणारी वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २०२५ पासून सुरू झालीय पण ती सरकारी संस्थांना, आणि आपली बरीच केंद्रं खाजगी कॉलेजांत आहेत. मग जे फुकट आहे ते तरी शंभर टक्के वापरता यायला पाहिजे की नको? कायद्यांची इंडिया कोड, खटल्यांची ई-कोर्ट्स, हायकोर्टाची वेबसाईट, विधानसभेच्या चर्चा.

लिहिण्याबद्दल एवढंच म्हणेन की आम्ही वकील लोक अर्ज लिहितो, नोटिसा लिहितो, दोन्हीत आधीच ठरलेली बाजू मांडतो. थिसिसमध्ये विरुद्ध बाजूला तिचं पूर्ण माप द्यावं लागतं. हे वळण लागायला दुसऱ्याने वाचून खुणा करून दिलेली पानं लागतात, आणि दर सेमिस्टरची आरएसी त्यासाठीच असायला हवी. सध्या दहा मिनिटांची पीपीटी, "ठीक आहे, पुढे चालू ठेवा", फोटो, चहा. मला फोटो नको, एक प्रकरण आधी पाठवते, समितीतल्या एका तरी सदस्याने ते वाचून यावं.

शिकवण्याचं ट्रेनिंगही नियमात आहे, आठवड्याला चार ते सहा तास शिकवणं, ट्युटोरिअल, पेपर तपासणं असं काम देता येतं. देतात, पण आधी शिकवत कोणी नाही. माझ्या वर्गात बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली असतात, त्यांना करार कायदा इंग्रजीतून वाचायला आणि मराठीतून समजायला मदत लागते. हे कसं करायचं ते मी वर्गात पडत-धडपडत शिकतेय, त्या मुलांच्या वेळेवर. ते बरोबर नाही.

गाईड मंडळींना माझी विनंती जरा वेगळी आहे. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, त्यावर एलएलबीचे तास, परीक्षा, कॉलेजच्या मूल्यांकनाचं नॅक. तुम्ही थकलेले असता हे दिसतं आम्हाला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्या वेळी हे ट्रेनिंग मिळालं नव्हतं, मग ते आम्हाला कुठून देणार? म्हणून हे एका गाईडवर टाकू नका. ब्रिटनमध्ये २००२ साली गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या अहवालाने सायन्सच्या पीएचडीवाल्यांना वर्षाला किमान दोन आठवडे कौशल्यांचं ट्रेनिंग मिळावं अशी शिफारस केली, आणि पुढे तो विचार तिथे इतर शाखांतही रुजला. वर्षाला दोन आठवडे. आपण एवढं नक्की करू शकतो, केंद्रांनी मिळून.

आणि मिळून म्हणजे खरंच मिळून. एका केंद्रात कायद्याचे संशोधक मोजकेच असतात, त्यांच्यासाठी वेगळी बॅच परवडत नाही हे मान्य. पण ठाणे आणि नवी मुंबईची केंद्रं एकत्र आली तर चांगली बॅच होते, ट्रान्स-हार्बर लोकलने कोणीही कुठेही पोहोचतं. एक महिना ठाण्यात, एक महिना बेलापूरला. दुसरा आणि चौथा शनिवार ठेवा, कोर्टं बंद असतात. वीकडेला अकरा ते दोन कोर्सवर्क ठेवलं की वकील हजेरीपुरते येतात, सही करतात आणि पुकाऱ्याला पळतात, त्यात कोणाचंच भलं नाही. ज्यांची लहान मुलं आहेत अशा मुलींना रेकॉर्डिंग मिळालं तर बरं होईल, नियमांनी बाळंतपणाची २४० दिवसांपर्यंत रजा दिली आहे पण त्या काळात बुडालेलं कोर्सवर्क भरून काढायची सोय कुठेच नाही.

खर्चाचं विचाराल तर खोली आहे, प्रोजेक्टर आहे, माणसं आसपास आहेत. येणाऱ्या माणसाला मानधन आणि चहापाणी. आम्ही वर्गणी काढायलाही तयार आहोत, पण तशी वेळ येऊ नये, फी आम्ही भरतोच आहोत.

आम्ही काही संशोधकांनी मिळून दोन सेमिस्टरचा कच्चा आराखडा केलाय, कुठल्या शनिवारी काय, कोण शिकवू शकेल, एथिक्सच्या दोन क्रेडिटमध्ये मुलाखतीचा भाग कसा बसेल, मराठी संमतीपत्राचा नमुना सुद्धा आहे त्यात. नव्या बॅचचं टाईमटेबल लागायच्या आधी अभ्यास मंडळाच्या बैठकीत आम्हाला अर्धा तास द्या. तारीख तुम्ही सांगा, वेळ तुम्ही सांगा, कोर्टाचा दिवस असला तरी मी त्या दिवसाची मॅटर्स ज्युनिअरला देऊन येईन.

आपली,
ठाण्यातली एक वकील आणि पार्ट टाईम पीएचडी विद्यार्थिनी